दयेचे ऋण

मार्गशीर्ष हा आमच्या घरांतून व्रताचा महिना. गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडला जातो, पोथी वाचली जाते. पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा हलतो. आणि हा सोहळा आटोपतो न आटोपतो तोच डिसेंबरची पंचवीस तारीख जवळ येते व गल्लीतल्या एखाद्या ख्रिस्ती घरावर कागदी तारा टांगलेला दिसू लागतो. नाताळच्या दिवशी त्या घरून करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट येते, दिवाळीत आपले ताट त्यांच्याकडे गेलेले असते, आणि बहुधा आपला परिचय तेथेच थांबतो. ज्या विचारातून हा सण उगवला त्या विचाराची विचारपूस आपण करीत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे केली नव्हती. ती करावयास निमित्त झाले धावडा गावी ऐकलेल्या एका बोलण्याचे.

धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील गाव. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीतला, मिरची-कपाशी पिकविणारा हा टापू. पुढे थोडे गेले की बुलढाणा जिल्ह्याची हद्द लागते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि त्याच्याही आधी निजामाच्या राज्यात. देवाधर्माच्या दृष्टीने मात्र हा तालुका फार जुना. दक्षिणेस राजूरचा गणपती, आणि ह्या डोंगराळ अंगाला महानुभावांचे जाळीचा देव हे क्षेत्र. श्रीचक्रधरस्वामी येथील गर्द जाळीत वाघिणीच्या पिलांशी खेळले, अशी श्रद्धा भाविक आजही सांगतात.

स्वामींच्या लीळांपैकी सशाची लीळा बहुतेकांनी शाळेत असताना वाचलेली असेल. शिकारी कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. पारधी आले व आपली शिकार मागू लागले. स्वामींनी शरण आलेला जीव त्यांच्या हाती दिला नाही. उलट त्या पारध्यांशीच ते हळुवारपणे बोलले. सशावर दया करणे सोपे. पारध्यावरही दया करणे अवघड. ही लीळा वाचताना आम्हांस नेहमी त्या दुसऱ्या दयेचे आश्चर्य वाटते.

जाळीच्या देवाचे दर्शन घेऊन एका डिसेंबरात आम्ही धावड्यास एका परिचिताच्या ओसरीवर बसलो होतो. घरचे आबा ऐंशीच्या पुढचे, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकविलेले. गोष्टींवरून गोष्टी निघाल्या. सशाची लीळा निघाली, पैठणच्या नाथांचे गाढव निघाले, आणि मग आमच्या बरोबरच्या एका तरुणाने जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात आपल्या आईची कशी शुश्रूषा झाली ते सांगितले. आबांनी सर्व ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "दादा, दया ती दयाच, तिला नाव ठेवू नये. पण मासा धरणारा बी गळाला काही तरी लावतोच की."

ह्यावर कोणी हसले नाही. आबांच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता. धर्मनिष्ठ हिंदू घरांतून हा संशय दीडशे-पावणेदोनशे वर्षे वस्तीला आहे, आणि तो निव्वळ अज्ञानातून आलेला आहे असे म्हणण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु ज्यांच्याविषयी तो संशय, त्यांच्या ग्रंथात दयेविषयी काय सांगितले आहे आणि तसे वागण्याचा प्रयत्न आपल्याच मातीतल्या ज्या माणसांनी केला त्यांचे काय झाले, हे न पाहता निकाल देणे बरे नव्हे. म्हणून घरी परतल्यावर आम्ही शुभवर्तमाने काढून बसलो.

आपल्याकडे दया हा साधूचा स्वभाव मानला आहे. साधू ओळखावा कसा हे तुकोबांनी सांगून ठेवले आहे व ते घरोघर पाठ आहे. दान हे पुण्यकर्म. त्याचे फळ इहपरलोकी मिळते. येशूने सांगितलेल्या एका दृष्टान्तात दयेची मांडणी निराळीच आहे, आणि ती आम्हांस प्रथम चमत्कारिकच वाटली. एका राजाने आपल्या सेवकांचा हिशेब मांडला. एका सेवकाकडे दहा हजार तलांत येणे निघाले. त्या काळी दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. मजुरीच्या हिशेबाने हे कर्ज सहा कोटी दिवसांचे झाले. हजार जन्म घेऊनही ते फिटते ना. सेवकाने पाय धरले, राजाला कळवळा आला, त्याने सारे कर्ज सोडून दिले. तोच सेवक बाहेर पडला आणि त्याला भेटला त्याचा एक सोबती, ज्याच्याकडे ह्याचे शंभर दिनार येणे होते. ह्याने त्याची नरडी धरली व त्यास कैदेत घातले. स्वतःला जेवढे माफ झाले होते त्याच्या सहा लक्षावा हिस्सादेखील त्याला दुसऱ्यास माफ करता आला नाही. राजाला हे कळले तेव्हा त्याने दिलेली माफी मागे घेतली.

ह्या दृष्टान्तात दया हे दान नाही, फेड आहे. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे प्रत्येक मनुष्य देवाच्या क्षमेवर जगतो. ती क्षमा त्याने कमावलेली नसते. म्हणून दुसऱ्यावर दया करताना तो स्वतःच्या गाठीचे काहीच देत नाही, जे फुकट मिळाले त्यातलेच थोडे पुढे सरकवितो. पुण्याची जमा येथे होत नाही, कारण खाते आधीच बुडालेले आहे. आपल्या वाचकांना हे सर्वस्वी परके वाटू नये. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मास येतो असे आपली शास्त्रे सांगतात. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला मनुष्यांचे ऋणही सांगितले आहे आणि ते अतिथीला अन्न व आसरा देऊन फेडावयाचे आहे. पंचमहायज्ञांतील अतिथीचा व मुक्या जीवांचा वाटा काढल्याशिवाय गृहस्थाने जेवू नये, हा दंडक त्याच भावनेतला. फरक एवढाच की आपण ते ऋण पाच वाटांनी वाटून ठेवले; तेथे सारे ऋण एकाच धन्याचे, आणि त्याने वसुलीचा हक्क समोरच्या दुःखिताच्या नावे करून दिलेला.

दुसरा दृष्टान्त अधिक प्रसिद्ध आहे. यरुशलेमहून यरीहोस जाणारी वाट सुमारे पंचवीस किलोमीटरांची, आणि तेवढ्यात ती सुमारे एक हजार मीटर खाली उतरते. ज्यांनी अजिंठ्याचे घाट पायी उतरले आहेत त्यांना असल्या वाटेवरील निर्जन वळणे सांगावयास नकोत. त्या वाटेवर चोरांनी एकास लुटले, मारले व अर्धमेला टाकून दिले. प्रथम एक याजक आला. बाजूने निघून गेला. मग देवळातील सेवेकरी लेवी आला; तोही बाजूने गेला. प्रेतास शिवल्याने याजकास अशौच येई, ही गोष्ट आपल्या वाचकांच्या चटकन ध्यानात येईल. तिसरा आला तो शोमरोनी. यहुदी व शोमरोनी ह्यांचा शिवाशिवीपर्यंत गेलेला जुना दावा होता. देऊळ कोठे असावे, पूजा कोठे करावी ह्यावरूनच तो पेटलेला होता. ह्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविले, स्वतः पायी चालला, धर्मशाळेत नेऊन रात्रभर त्याची काळजी घेतली, आणि सकाळी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवून अधिक लागल्यास परतताना देईन असे सांगितले.

हे वाचताना आम्हांस नाथांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. काशीचे गंगोदक रामेश्वराला वाहावयाचे, आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ते ओतावयाचे. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर कडेवर उचलून घ्यावयाचे. ह्या कथा पैठणच्या परिसरात, म्हणजे ह्याच मराठवाड्यात, चारशे वर्षे सांगितल्या जात आहेत. नाथांच्या कथेत विधी मोडणारा स्वतः ब्राह्मण आहे. येशूच्या दृष्टान्तात विधी सांभाळणारे दोघे पुढे निघून जातात, आणि ज्याच्याशी रोटीव्यवहारही नाही तो वाकून बसतो. ऐकणाऱ्या यहुदी शास्त्र्याला हे किती झोंबले असेल ह्याची कल्पना आपण आपल्या जातिभेदावरून करू शकतो. त्याने विचारले होते, माझा शेजारी कोण? येशूने गोष्ट सांगून त्यालाच उलट विचारले, ह्या तिघांपैकी शेजारी झाला तो कोण?

आता आबांच्या गळाकडे वळू. येशूने दहा कुष्ठरोग्यांस बरे केल्याची कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. दहांपैकी आभार मानावयास परत आला एकच, आणि तोही शोमरोनीच होता. नऊजण आपापल्या वाटेने गेले. येशूने ते कोठे आहेत म्हणून विचारले खरे. परंतु त्या नऊजणांचा रोग उलटला, असे शुभवर्तमान सांगत नाही. मेजवानी द्यावयाची तर जे परत बोलावू शकणार नाहीत अशांना बोलवा, दान करताना आपल्या एका हाताचे दुसऱ्या हातास कळू देऊ नका, असेही त्यांच्या ग्रंथात आहे. ग्रंथ पाहू जाता गळ लावण्यास तेथे आधार मिळत नाही. पण ग्रंथ आणि माणसे ह्यांत अंतर असते. ते आपल्याकडे आहे तसे त्यांच्याकडेही आहे. म्हणून माणसांकडे पाहिले पाहिजे, आणि तेही दूरदेशीच्या नव्हे, आपल्या.

जालन्यापुरते बोलावयाचे तर नारायण शेषाद्रींचे नाव घ्यावे लागते. हे ब्राह्मण कुळातले. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असता त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अद्याप बालक होता. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा परत मिळविला. मग त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही ह्यावर मुंबईत मोठे वादळ उठले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घ्यावे ह्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. एका घरात एक मुलगा गेला, दुसरा परत आला पण दारात अडला. त्या मातापित्यांचे दुःख आम्हांस ह्या वादातील सर्व युक्तिवादांपेक्षा अधिक खरे वाटते, आणि मिशनऱ्यांच्या दयेचा हिशेब करताना ते खर्चाच्या बाजूला मांडलेच पाहिजे.

पुढे हेच शेषाद्री पाळक झाले व १८६०च्या दशकात जालन्यास आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी शहराजवळ एक वसाहत उभी केली, तिला नाव दिले बेथेल. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ देवाचे घर. ज्यांना तेथे घर मिळाले त्यांत मांग समाजाची कुटुंबे पुष्कळ होती. गावकुसाबाहेरच्या माणसांची वस्ती आणि तिच्यात नांदणारा ब्राह्मण कुळातला पाळक, ही गोष्ट त्या काळी केवढी होती हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारावयास हवे होते. शेषाद्री धर्मप्रसारासाठीच आले होते. त्यांनी ते कधी लपविले नाही. पण ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांच्या शेजारी जाऊन राहावयास त्या वेळी दुसरे कितीजण तयार होते, हा प्रश्नही आपण स्वतःला विचारणे न्यायाचे होईल. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

मिरजेस डॉक्टर वॉनलेस ह्यांनी उभारलेले रुग्णालय किंवा अहमदनगरची मिशनची दवाखाने-शाळा ह्यांची माहिती बहुतेकांना आहे. तिचा विस्तार येथे करीत नाही. आम्हांस थांबावयाचे आहे ते पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंच्या दाराशी. कारण दया म्हणजे काय, हा प्रश्न ह्या बाईने जेवढ्या सरळपणे विचारला तेवढ्या सरळपणे फार थोड्यांनी विचारला असेल.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न पौराणिक. त्यांनी पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. दक्षिणेत दुष्काळ पडला, जवळचे होते नव्हते ते दानधर्मात व नित्यखर्चात संपले, आणि उपासमारीने प्रथम वडील, मग आई, पुढे बहीण अशी माणसे गेली. उरलेली बहीणभावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. भाऊ गेला, विवाह झाला, दोन वर्षे होतात न होतात तोच पतीही कॉलऱ्याने गेले. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी. वय चोविशीचे.

१८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. लंडनच्या फुलम भागात ह्या भगिनींचे एक घर होते. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे, आणि त्यांतल्या काही आता स्वतः रोग्यांची व दुबळ्यांची सेवा करीत होत्या. रमाबाईंनी हे पाहिले व त्या चकित झाल्या. शास्त्रे कोळून प्यालेल्या ह्या विदुषीने अशा स्त्रीसाठी काही करता येते ही कल्पनाच आजवर ऐकली नव्हती. त्यांनी एका भगिनीस विचारले, तुम्ही लोक हे का करता? भगिनीने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीकाठची कथा वाचून दाखविली. तेथेही पुन्हा शोमरोनच आहे. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, पाच नवरे होऊन गेलेली एक शोमरोनी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. ज्या बाईशी तिच्या गावानेही बोलणे टाकले असावे तिच्याशी तो उपासनेच्या गहन गोष्टी बोलतो. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की त्यांच्या मनाने तेथे कौल दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही इंग्रज भगिनींची प्रत्येक आज्ञा त्यांनी मुकाट्याने मानली असे मात्र नाही. धर्ममतांवरून त्या त्यांच्याशी पत्रांतून कडाडून भांडल्या, आणि अखेरपर्यंत शाकाहारीच राहिल्या.

मुंबईस ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. येथे धर्म शिकविला जाणार नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरले होते, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारखे पुरुष सल्लागार होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे जाऊन बसत. १८९३ साली ह्यावरून गहजब झाला, केसरीने टीकेची झोड उठविली, सल्लागारांनी अंग काढून घेतले व अनेक पालकांनी मुली परत नेल्या. दार उघडे ठेवणे हा गुन्हा होता काय? आमच्या मते प्रार्थनेचे दार उघडे ठेवण्याचा त्यांस हक्क होता. परंतु परक्याच्या लेकी सांभाळताना, विशेषतः ज्यांना दुसरे घरच उरलेले नाही अशा लेकी सांभाळताना, त्या उघड्या दाराचे ओझे किती असते हे त्यांनी पुरते ओळखले नाही, असेही आम्हांस वाटते. आबांचा संशय येथे पाय रोवून उभा राहतो आणि त्याला हलविता येत नाही.

मात्र ह्याच शारदासदनातील एक गोष्ट आबांना सांगावयाची होती. तेथे पहिल्यांदा दाखल झालेली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. ह्या मुलीने तेथे शिक्षण घेतले, ती हिंदूच राहिली, आणि ११ मार्च १८९३ रोजी तिचा पुनर्विवाह झाला तो धोंडो केशव कर्व्यांशी. त्याच बाया कर्वे. पुढे १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, हिंगण्याच्या माळावर तो वाढला, आणि सहस्रावधी हिंदू घरांतील मुली तेथून शिकून बाहेर पडल्या. रमाबाईंच्या हातून जे दिले गेले त्याचा केवढा ओघ अशा रीतीने आपल्या घरात आला! परत न आलेल्या त्या नऊजणांची कथा येथे वेगळ्या रीतीने घडली.

मग १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे वाटेवर मरू लागली. बालपणी उपासमारीने आईबाप गेलेली ही बाई तेथे स्वतः गेली आणि अनाथ मुली व तरुण विधवा घेऊन आली. पहिल्या खेपांत ही संख्या तीनशेच्या घरात गेली. केडगावास घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या व तंबू उभे राहिले, विहिरी खणल्या गेल्या. पाठोपाठ आला छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००चा, ज्याची आठवण मराठवाड्यातही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात कालपरवापर्यंत होती. तेव्हा गुजरातेतून मुली आल्या. मुक्तिसदनातील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्यांना नुसते जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. दळण, विणकाम, तेलघाणा, शेती, दूधदुभते, छापखाना, असा एकेक उद्योग त्यांनी त्या मुलींच्या हाती दिला. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे ह्याच मुलींनी जुळविले. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले.

आणि त्या आवारात एक घर होते, त्याचे नाव कृपासदन. फसविल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या, रोगांनी पोखरलेल्या स्त्रिया तेथे ठेवीत. अशा बायकांस घरात घ्यावयास दुष्काळातले अन्नछत्र चालविणारे धर्मात्मेही धजत नसत. त्या आल्या म्हणजे शिव्या देत, कपडे फाडीत, पळून जात, पुन्हा येत. दार पुन्हा उघडे. फुलमच्या घरी विचारलेल्या प्रश्नाला रमाबाईंनी दिलेले उत्तर ते हेच. मुक्तीत ख्रिस्ती धर्म शिकविला जाई व पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, ही वस्तुस्थिती आहे. ती झाकून त्यांचा गौरव करण्याचे कारण नाही. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मुक्ती मिशनचे काम केडगावात आजही चालू आहे.

येथवर लिहिल्यावर आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, एरवी हे सारे दुसऱ्याच्या दयेचे माप काढणे होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहाच्या समाप्तीचे कीर्तन ऐकावयास आम्ही निघालो होतो. संध्याकाळची वेळ, उशीर झालेला, अंगावर धुतलेले धोतर. वाटेत झाडाखाली एक म्हातारी पडली होती. ती कण्हत होती, तिच्या लुगड्याला घाण लागली होती. आम्ही क्षणभर थांबलो. कोणी तरी घरचे येईल, असे मनाशी म्हटले आणि पुढे झालो. कीर्तनाचा विषय भूतदया होता. बुवा रंगले, आम्हीही डोळे टिपले. परतताना झाडाखाली कोणी नव्हते. तिला कोणी उचलले, की ती उठून गेली, की आणखी काही झाले, हे आम्हांस कधी कळले नाही. लूकच्या शुभवर्तमानातील याजक व लेवी ह्यांची नावे दिलेली नाहीत. ती वाचताना त्या मोकळ्या जागी कोणाचे नाव बसते हे आम्हांस ठाऊक आहे.

पुढल्या खेपेस धावड्यास गेलो तेव्हा आबा तसेच ओसरीवर बसलेले होते, ऊन खात. आम्ही त्यांस बाया कर्व्यांची हकीकत सांगितली. त्यांनी मान डोलाविली. शेषाद्रींच्या धाकट्या भावाची सांगितली. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले व "आईचं काय झालं असंल," एवढेच म्हणाले. मग यरीहोच्या घाटाची गोष्ट सांगितली, आमच्या मराठीत, चोर, याजक, जनावर, धर्मशाळा, दोन दिवसांची मजुरी, सर्व काही. ती त्यांनी लहान मुलासारखी मन लावून ऐकली.

"अन् तो पडलेला माणूस कोण व्हता?" त्यांनी विचारले. "कोण्या जातीचा?"

आम्ही म्हणालो, "आबा, ते पुस्तकात दिलेलंच नाही."

"दिलं नाही?" आबांनी माळेचा मणी बोटात फिरविला. "बरं केलं लिहिणाऱ्यानं."